माझा अनुभव: फोंड्याहून डब्ल्यू-१५ च्या यादीपर्यंत

स्पर्धेच्या अर्जाची मुदत गुरुवारी संध्याकाळी साडेसातला संपते. नियमात ती जीएमटी दुपारी दोन अशी लिहिलेली असते, आणि हा गुरुवार स्पर्धेच्या सोमवारच्या अठरा दिवस आधीचा असतो. मुलीला पहिल्यांदा आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, व्यावसायिक स्पर्धेत उतरवू पाहणाऱ्या आईबापांनी बाकी काही वाचलं नाही तरी एवढं लिहून फ्रिजवर चिकटवावं.

मी फोंड्याला फार्मसी चालवतो. मुलगी, घरात सगळे तिला बाय म्हणतात, सतरा वर्षांची आहे. मी स्वतः कधी रॅकेट धरली नाही. मला नाटकाचा नाद, गावच्या जत्रेत दरवर्षी एखादी भूमिका असते. त्यामुळे टेनिसमधला माझा वाटा म्हणजे गाडी चालवणं, पैसे भरणं आणि कागद सांभाळणं. हा अनुभव त्या तिसऱ्या कामाचा आहे, कारण त्याबद्दल कोणी काही सांगत नाही. फोरहँड कसा मारावा हे सांगणारे ढीगभर भेटतात.

आधी ही डब्ल्यू-१५ म्हणजे काय ते सांगतो. महिला टेनिसच्या व्यावसायिक जिन्याची ती सर्वांत खालची पायरी. एकूण बक्षीस १५ हजार डॉलर, तेही एकेरी आणि दुहेरीच्या सगळ्या मुलींत वाटून. विजेतीच्या हाती दोन हजार डॉलरच्या आसपास येतात आणि मेन ड्रॉच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या, पहिल्याच फेरीत हरलेलीला दीडशेच्या आसपास, त्यातून कर वजा. ही रक्कम २०१७ साली १० हजारांवरून १५ हजारांवर नेली, ती तिथेच आहे. तेव्हापासून बसचं तिकीट, लॉजचं भाडं, रॅकेटची तार, सगळं वाढलं. विजेतीला डब्ल्यूटीए, म्हणजे महिला टेनिसच्या जागतिक, क्रमवारीचे १५ गुण मिळतात, पहिली फेरी जिंकणारीला एक. या एका गुणासाठी जपानच्या, थायलंडच्या, रशियाच्या मुली आपल्याकडच्या छोट्या शहरांत येऊन राहतात. आणि एक गुण मिळाला म्हणून लगेच क्रमवारीत नाव लागत नाही. त्यासाठी तीन स्पर्धांत गुण हवेत, किंवा एकूण दहा गुण हवेत.

गोव्यात टेनिसचं वेड कमी. मुलं फुटबॉलला जातात, नाहीतर क्रिकेटला. नताशा पाल्हा ही गोव्याची मुलगी आयटीएफ स्पर्धा खेळली, हे सांगितल्यावर दुकानातल्या गिऱ्हाइकांना आश्चर्य वाटतं. जून ते सप्टेंबर कोर्ट ओलं, उरलेल्या महिन्यांत हवा एवढी दमट की चेंडू थोड्या वेळात जड होतो. बायच्या बरोबरीने मारणाऱ्या मुली मोजक्या, म्हणून ती मुलांशी खेळून तयार झाली. तिच्या सरांचं म्हणणं, घाटावर जाऊन खेळल्याशिवाय आपण कुठे आहोत हे कळणार नाही. सोलापूर, पुणे, नवी मुंबई, नागपूर इथे महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झालेल्या आहेत, तेव्हा परदेशी जायची गरज नव्हती.

कागदांची सुरुवात आडनावापासून झाली. आमचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका स्पेलिंगने आणि जन्मदाखल्यावर दुसऱ्याने, हे गोव्यात काही नवीन नाही. अखिल भारतीय टेनिस संघटनेची नोंदणी जुन्या स्पेलिंगने झालेली. आयटीएफच्या खेळाडू क्रमांकाला, ज्याला सगळे आयपिन म्हणतात, नाव पासपोर्टाप्रमाणे हवं. तिच्याकडे पासपोर्टच नव्हता. पासपोर्ट काढतोय म्हटल्यावर ओळखीच्या प्रत्येकाने विचारलं, पोर्तुगालचा का? भारताचा काढतोय म्हटल्यावर चेहरे पडले. मग आधी दाखल्यावरची दुरुस्ती, मग पासपोर्ट, मग नोंदणीवरचं नाव, असा उलटा प्रवास करावा लागला. एका कार्यालयात आमचा अर्ज इतके दिवस पडून राहिला की तिथला शिपाई मला नावाने ओळखू लागला. ज्यांची मुलं अजून दहा-बारा वर्षांची आहेत त्यांनी हे काम आत्ताच उरकावं. व्यावसायिक स्पर्धेत चौदाव्या वर्षापासून खेळता येतं, आणि चौदावं वर्ष पटकन येतं.

आयपिन निघाला की सचोटीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो आहे सट्टेबाजीबद्दल. मी बायच्या शेजारी बसून तो अक्षर न् अक्षर पाहिला आणि खरं सांगतो, मांडवीत तरंगणारे कॅसिनो रोज बघणाऱ्या माणसालाही घाम फुटला. खेळाडूने टेनिसवर पैज लावायची नाही हे उघड आहे. पण आईबाप, कोच, सोबत फिरणारा कोणीही लावू शकत नाही, जगातल्या कुठल्याच टेनिस सामन्यावर. आतली माहिती, म्हणजे तिचा घोटा दुखतोय, ती उद्या माघार घेणार आहे, ही पैशाच्या बदल्यात कोणाला देणं गुन्हा. कोणी सामना सोडायला पैसे देऊ केले आणि तुम्ही ते कळवलं नाही, तर न कळवणं हाही गुन्हा. इतक्या खालच्या पातळीवर कोण सट्टा लावणार, असं मला वाटत होतं. त्याचं उत्तर पुढे कोर्टावर मिळालं.

उत्तेजकांचा भाग मात्र माझ्या धंद्यातला. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं. स्पर्धेच्या काळात लघवीत ते मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सापडलं तर खेळाडू दोषी ठरते. पावसाळ्यात आमच्या काउंटरवरून या गोळ्या चण्यासारख्या जातात. मी घरातल्या औषधांच्या डब्यातून त्या काढून टाकल्या आणि बायच्या आजीला बजावलं, हिला नाक वाहतंय म्हणून काही द्यायचं नाही, काढासुद्धा मला विचारून. म्हातारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता यादी. ही खरी गंमत आहे आणि इथेच नवे पालक हबकतात. अर्ज केला म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. मुदत संपल्यावर सगळ्या नावांची क्रमवारीने यादी लागते: वर मेन ड्रॉमधल्या, मग क्वालिफाइंगच्या म्हणजे आधीच्या पात्रता फेरीतल्या, मग अल्टरनेट म्हणजे जागेची वाट बघणाऱ्या. आधी डब्ल्यूटीए क्रमवारी असलेल्या, मग आयटीएफच्या क्रमवारीतल्या, त्यानंतर राष्ट्रीय क्रमवारीच्या जोरावर आलेल्या. रशियाच्या मुलींच्या नावापुढे देशाचा रकाना रिकामा दिसतो, त्यांना २०२२ पासून झेंड्याविना खेळावं लागतं. मेन ड्रॉ ३२ जणींचा, त्यातल्या चार जागा वाइल्ड कार्डच्या (क्रमवारी न बघता थेट दिलेल्या), आठ क्वालिफाइंगमधून वर येणाऱ्यांच्या. ज्युनियर जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या मुलींसाठीही राखीव जागा असतात. आमच्या बायचं नाव अल्टरनेटमध्ये, तेही इतकं खाली की पान सरकवावं लागलं.

ती गप्प झाली. सरांनी फोनवर मला एवढंच सांगितलं, “बाब, मंगळवार होऊ दे.”

मंगळवारची भानगड अशी की एक खेळाडू एकाच आठवड्यातल्या अनेक स्पर्धांना पसंतीक्रम लावून अर्ज करते. एकच मुलगी तिकडे ट्युनिशियाच्या यादीत असते, थायलंडच्या असते आणि आपल्याही असते. स्पर्धेच्या तेरा दिवस आधीच्या मंगळवारी माघारीची मुदत संपते आणि प्रत्येकीचं नाव एकाच ठिकाणी उरतं. त्या रात्री याद्या भराभरा वर सरकतात. त्यानंतर माघार घेणाऱ्यांवर नियमांचा बडगा असतो, तरी ताप, दुखापत, व्हिसा अशा कारणांनी गळती चालूच राहते. आमच्या स्पर्धेत परदेशी मुलींची नावं बरीच होती, आणि व्हिसा वेळेवर न मिळालेल्यांचीही.

त्याच दिवसांत आमच्या देवळात नाटकाच्या तालमी चालू होत्या. मी सभामंडपात खलनायकाचे संवाद म्हणत होतो आणि मध्येच अंगरख्याच्या खिशातून मोबाइल काढून यादी बघत होतो. दिग्दर्शक चिडला. मग त्याला समजावलं, तर तोच प्रवेश संपला की विचारू लागला, “सरकली काय रे?” जत्रेपर्यंत अर्ध्या गावाला अल्टरनेट म्हणजे काय ते कळलं होतं.

बाय वर येत आली, पण स्पर्धेआधीच्या गुरुवारी यादी गोठली तेव्हा क्वालिफाइंगच्या बाहेरच होती. आता दोन पर्याय होते. घरी बसायचं, किंवा तिथे जाऊन अल्टरनेट म्हणून सही करायची आणि कोणी आली नाही तर जागा मिळते का बघायचं. बायको म्हणाली, नाही मिळाली तर चार दिवस सराव तरी होईल. तिचं हे बोलणं मला पटलं. बाहेरगावच्या मुलींशी नुसतं मारायला मिळणं हेही गोव्यात बसून मिळत नाही.

पहाटे निघून अनमोड घाट चढलो आणि बेळगावमार्गे पुढे गेलो. घाट संपला की हवा कोरडी लागते, आणि टेनिसमध्ये हा फरक फार मोठा. पहिल्याच सरावात बायचे चेंडू बेसलाइनच्या बाहेर जाऊ लागले. फोंड्यात जो फटका रेषेच्या आत पडतो तो इथे हातभर लांब. तार दोन पाउंड जास्त ताणून घेतली तेव्हा चेंडू जरा आटोक्यात आला. किनाऱ्यावरून जाणाऱ्यांनी शक्य असेल तर दोन दिवस आधी पोचावं.

सहीच्या दिवशी क्लबच्या व्हरांड्यात रेफरीच्या टेबलाभोवती मुली, बाप, पिशव्या. यादीत नाव असणाऱ्यांनीही वेळेत हजर राहून सही करायची असते, नाही केली तर जागा गेली. अल्टरनेट मुली भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत होत्या. एकमेकींशी हसून बोलत होत्या, पण प्रत्येकजण मनात प्रार्थना करत होती की कोणीतरी येऊ नये. दुसऱ्याचं वाईट चिंतायला लावणारी अशी परीक्षा मी कुठे पाहिली नाही. वेळ संपली, रेफरीबाईंनी नावं वाचली, आणि शेवटच्या मोकळ्या जागांपैकी एक बायला मिळाली. बाजूची मुलगी नागपूरकडची, तिच्या पुढे एकच नाव राहिलं होतं. तिच्या बाबांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मला काय बोलावं सुचेना.

लगेच प्रवेश फी भरली, चाळीस डॉलर. आणि हे लक्षात ठेवा, क्वालिफाइंगमध्ये बक्षिसाचा पैसा नाही. दोन सामने जिंकले तर मेन ड्रॉ.

सामना सकाळी. प्रेक्षक म्हणजे मी, समोरच्या मुलीची आई आणि एक माळी. बॉलबॉय नाहीत, चेंडू आपले आपण गोळा करायचे. लाइन्समन नाहीत, खुर्चीवर एक अंपायर. त्याच्या हातात टॅबलेट, प्रत्येक गुण संपला की तो बोट लावतो आणि तो गुण जगभर दिसतो. तो माळी आणि आम्ही दोघं बघतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात अनोळखी माणसं त्यावर पैसे लावून बसली होती. हे मला संध्याकाळी कळलं.

पहिला सेट बाय ६-४ हरली, दुसरा ६-३ जिंकली. क्वालिफाइंगमध्ये तिसरा सेट नसतो, दहा गुणांचा मॅच टायब्रेक असतो. समोरची मुलगी पंचविशीची, वर्षानुवर्षं हाच जिना चढणारी. टायब्रेकमध्ये तिने काही वेगळं केलं नाही, फक्त चुका करायचं थांबवलं. बायने दोनदा घाईने ड्रॉप शॉट खेळला, दोन्ही जाळीत. १०-७. नंतर त्या मुलीने बायला पाणी दिलं, आणि पायरीवर बसून सांगितलं की ती रात्रीच्या बसने प्रवास करते, लॉजची खोली दुसरीबरोबर वाटून घेते, आणि घरी कोचिंगही करते म्हणून हे परवडतं. एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसलेसुद्धा अशाच छोट्या स्पर्धा खेळत वर आली, हे तिनेच बायला ऐकवलं.

संध्याकाळी बायच्या इन्स्टाग्रामवर एक मेसेज आला. मोडक्या इंग्रजीत शिवीगाळ, आणि तुझ्यामुळे माझे पैसे बुडाले असा मजकूर. सतरा वर्षांच्या पोरीला. आम्ही स्क्रीनशॉट घेऊन रेफरीबाईंना दाखवला. त्यांनी शांतपणे कुठे कळवायचं ते सांगितलं, जणू हे रोजचंच. बहुधा आहेच. तेव्हापासून स्पर्धेच्या आठवड्यात बायचं खातं खासगी असतं आणि फोन माझ्याकडे. स्पर्धेला जाण्याआधीच हे करा.

आम्ही लगेच परत फिरलो नाही. मेन ड्रॉच्या मुलींना सरावाला जोडीदार लागतात. एका थाई मुलीला बायने दोन सकाळी चेंडू मारून दिले आणि त्या बदल्यात तिची सर्व्हिस परत करायला शिकली. माझ्या हिशेबाच्या वहीत त्या सहलीच्या उजव्या बाजूला जमा म्हणून लिहायला आकडा नाही. डाव्या बाजूला आहेत: डिझेल, लॉज, जेवण, फी, तारा, आणि चार दिवस फार्मसीत बसवलेल्या माणसाचा पगार.

आता तिची राष्ट्रीय क्रमवारी थोडी वर आली आहे आणि पुढच्या यादीत नाव क्वालिफाइंगच्या जरा जवळ लागलं आहे. फोंड्यात किंवा आसपास कोणाला आयपिनचा फॉर्म भरताना अडलं तर रात्री नऊनंतर, दुकान बंद करताना या. कागदपत्रं मूळ आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन या. जन्मदाखला आधी नीट वाचून या.