न दिसल्याची नोंद

सिएटलला राहणाऱ्या माझ्या मुलीने अलास्काच्या त्या जहाजाचे बुकिंग केले, तेव्हा तिचा युक्तिवाद बिनतोड होता. ‘आई, तू वर्षानुवर्षं सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जाऊन न दिसणारा माळढोक बघत बसतेस, मग न दिसणारा बिगफूट बघायला काय हरकत आहे?’ ह्यांनी लगेच तिची बाजू घेतली, कारण त्यांना हिमनद्या पाहायच्या होत्या आणि त्या सफरीत दोन हिमनद्या फुकटात पदरात पडत होत्या. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने असल्या सफरीला जावे का, हा प्रश्न माझ्या मनात होता. पण शोध घेणारी माणसे प्रत्यक्षात काय करतात हे पाहण्याचे कुतूहल त्याहून मोठे निघाले आणि मी होकार दिला.

सफरीचा विषयच ‘दंतकथांतले प्राणी’ असा ठेवलेला होता. त्यांतला मुख्य बिगफूट ऊर्फ सॅस्क्वॉच, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या जंगलांत दोन पायांवर वावरतो असे सांगितला जाणारा केसाळ, महाकाय, माणसासारखा प्राणी. जूनो ते केचिकन असा आग्नेय अलास्काच्या बेटांमधून जाणारा मार्ग, शंभराच्या आत प्रवासी असलेले लहान जहाज, दिवसा रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरून जंगलात शोध आणि संध्याकाळी जहाजावरच्या तज्ज्ञाचे व्याख्यान, असा एकूण क्रम होता. जेवणाबद्दल लिहीत नाही; शाकाहारी माणसाचे तिथे भागते, एवढे पुरे.

त्या जंगलाबद्दल मात्र लिहायलाच हवे, कारण सोलापूरच्या माणसाला ते आधी आकड्यांतच समजून घ्यावे लागते. टोंगास हे अमेरिकेतले सर्वांत मोठे राष्ट्रीय वन असून त्याचे क्षेत्रफळ अडुसष्ट हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या साडेचारपट. आपल्याकडे वर्षभरात सरासरी साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला की आपण समाधानी असतो. केचिकनला तो साडेतीन हजारांच्या वर जातो. जूनो ही राज्याची राजधानी असली तरी बाहेरून तिथे एकही रस्ता येत नाही, विमानाने किंवा बोटीनेच पोहोचावे लागते. सिटका स्प्रूस आणि हेमलॉकची झाडे किनाऱ्यापर्यंत आलेली असतात, पडलेल्या खोडांवर शेवाळाचे जाड थर असतात आणि त्याच खोडांवर हेमलॉकची नवी रोपे उगवलेली असतात. दहा पावले आत गेलात की मागचा समुद्र दिसेनासा होतो. आमच्या माळावर दोन किलोमीटरवरचे काळवीट नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि इथे शेजारच्या झाडामागे हत्ती उभा असला तरी कळणार नाही. अशा ठिकाणी एखादा मोठा प्राणी माणसाला चुकवून राहत असेल असे वाटणे मला मुळीच वेडेपणाचे वाटले नाही.

पहिल्या व्याख्यानात इतिहास आला. ब्रिटिश कोलंबियातल्या चेहालिस वस्तीवर शिक्षक असलेल्या जे. डब्ल्यू. बर्न्स यांनी १९२९ मध्ये एका कॅनेडियन मासिकात तिथल्या आदिवासींच्या केसाळ महाकाय माणसांच्या कथा लिहिल्या आणि ‘सॅस्क्वॉच’ हे नाव सर्वदूर झाले. १९५८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकजवळ रस्त्याचे काम चालू असताना मातीत प्रचंड पावलांचे ठसे सापडले, तिथल्या वर्तमानपत्राने ‘बिगफूट’ हा शब्द छापला आणि तो टिकला. ठशांच्या अशाच बातम्या ऐकून रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन हे दोघे त्याच भागात गेले आणि २० ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांनी ती जगप्रसिद्ध चित्रफीत घेतली, जिच्यात एक केसाळ आकृती चालता चालता मागे वळून पाहते. तज्ज्ञांनी ती पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवली आणि चालण्याची ढब माणसाची नाही असे सांगितले. कॅमेरा सेकंदाला किती चित्रे घेत होता हे आजही निश्चित नाही, आणि तो आकडा बदलला की चालण्याचा वेग बदलतो, वेग बदलला की ढबीबद्दलचा सगळा युक्तिवादही बदलतो, हे त्यांनी सांगितले नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट घाईने उरकली. १९५८ च्या त्या रस्त्याच्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारला, तेव्हा ते ठसे त्याने लाकडाची पावले कोरून उमटवले होते असे त्याच्या घरच्यांनी जाहीर केले आणि ती पावले दाखवलीही. ‘एका गमत्या माणसामुळे सगळे पुरावे खोटे ठरत नाहीत,’ असे म्हणून व्याख्याते पुढे सरकले. वाक्य तर्काला धरून आहे, तरीही ते मला खटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी आम्ही एका ओढ्याच्या मुखाशी उतरलो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून चिखलातून चालताना पुढची मंडळी एकदम थांबली आणि कुजबुज सुरू झाली. चिखलात हातभर लांबीचा ठसा होता. मी वाकून पाहिले. टाचेचा भाग रुंद होता, पाच बोटे होती आणि घाईत पाहणाऱ्याला ते माणसाचे अनवाणी पाऊलच वाटावे. मात्र सर्वांत मोठे बोट पावलाच्या बाहेरच्या बाजूला होते. आपला अंगठा आतल्या बाजूला असतो. अस्वलाचे सर्वांत मोठे बोट बाहेरचे असते. शिवाय ठशाच्या मध्यावर एक पुसट आडवी कड दिसत होती, कारण चालताना अस्वलाचे मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर अर्धवट पडते आणि दोन ठसे मिळून एक लांबलचक पाऊल तयार होते. बोटांच्या पुढे, चांगली दोन बोटे अंतर सोडून, नखांची टोके टोचल्याच्या खुणाही होत्या. सोबतच्या तरुण वनमार्गदर्शक मुलीने हे सगळे नीट समजावून सांगितले आणि तपकिरी अस्वल इथून अगदी अलीकडे गेलेले असल्यामुळे सर्वांनी मोठ्याने बोलत, एकत्र मागे फिरावे असे सुचवले. त्या भागातल्या ॲडमिरल्टी बेटावर अशी दीड हजारांच्या आसपास अस्वले आहेत. ती दोन पायांवर उभीही राहतात. अमेरिका आणि कॅनडातल्या नोंदींचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात जिथे काळ्या अस्वलांची संख्या जास्त तिथे बिगफूट दिसल्याच्या साक्षीही जास्त, असे आढळले आहे.

त्या संध्याकाळी गप्पांत कुणीतरी मला विचारले, की तुमच्या भारतात असा काही प्राणी आहे का. त्यांची अपेक्षा बहुधा यतीची, म्हणजे हिमालयातल्या हिममानवाची होती. मी त्यांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली, आणि ती इथेही सांगते, कारण आपल्याच राज्यात घडलेली असूनही ती पुष्कळांना ठाऊक नसते.

रानपिंगळा हे मध्य भारतातल्या रानांत राहणारे लहानसे घुबड. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये त्याचे नमुने गोळा केले, आणि त्यानंतर तो कुणालाच सापडेना. फक्त एकच नंतरचा नमुना संग्रहालयात होता: रिचर्ड माइनर्टझागेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळवल्याचे लिहिलेला. सलीम अलींसारख्या माणसांनीही हा पक्षी शोधून पाहिला होता. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासले, तेव्हा १९१४ चा तो नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच असल्याचे, संग्रहालयातून चोरून, कातडे उसवून पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून परत ठेवलेला असल्याचे उघड झाले. मांडवी यादीतून वजा झाली. मग जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला गेला आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसला. मध्ये एकशे तेरा वर्षे गेली होती.

लाकडी पावलांचे वाक्य मला का खटकले, ते ही गोष्ट सांगतानाच माझे मला स्पष्ट झाले. खोटा पुरावा नुसता निरुपयोगी नसतो. तो शोधणाऱ्याला चुकीच्या रानात पाठवतो. ब्लफ क्रीकची कीर्ती ज्या ठशांवर उभी राहिली ते ठसे वजा केले, तर पुढची माणसे तिथेच का गेली याचेही उत्तर नव्याने द्यावे लागते. बिगफूटवर ज्यांचा खरोखर विश्वास आहे, त्यांनी तर वॉलेसवर सर्वांत जास्त चिडायला हवे. आमच्या जहाजावर मात्र त्याची लाकडी पावले छापलेले टी-शर्ट विक्रीला होते.

मी तज्ज्ञांना एक प्रश्न विचारला. प्रत्येक प्राण्याची कातडी, लाळ, विष्ठा यांचे कण पाण्यात मिसळतात आणि आता बाटलीभर पाण्यातल्या डीएनएवरून तिथे कोणकोणते प्राणी वावरतात ते सांगता येते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनी २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरात, जिथे प्रचंड सरपटणारा प्राणी राहतो अशी दंतकथा आहे, हेच केले. पुढच्या वर्षी निष्कर्ष आले, त्यांत सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता आणि ईल माशाचा डीएनए मात्र भरपूर होता. मग आपण रोज इतक्या ओढ्यांवर उतरतो, तर प्रत्येक ओढ्याची एकेक बाटली का भरून घेत नाही? त्यांनी प्रश्नाचे कौतुक केले. नंतर म्हणाले, की सॅस्क्वॉचचा डीएनए माहीत नसल्यामुळे तो आला तरी ओळखता येणार नाही. हे उत्तर बरोबर नाही. अनोळखी पण माणसाच्या आणि वानरांच्या जवळचा डीएनए मिळाला तर तो कुणाच्या जवळचा आहे हे नक्की कळते, आणि तसा एक नमुना जरी निघाला तरी जगभर खळबळ उडेल. मी तसे म्हटल्यावर ‘पुढच्या हंगामात विचार करू’ असे आश्वासन मिळाले. सरकारी कचेरीत आयुष्यभर ऐकलेले वाक्य इतक्या उत्तरेला ऐकून ह्यांना हसू आवरेना.

आणखी एका गोष्टीने मी खरोखर नाराज झाले. जहाजाच्या माहितीपत्रकात सॅस्क्वॉचच्या शेजारीच ‘कुश्टाका’ हा प्राणी म्हणून छापला होता. कुश्टाका हा तिथल्या ट्लिंगिट या आदिवासी लोकांच्या कथांमधला पाणमांजराच्या रूपातला माणूस. बुडणाऱ्याला तो आपल्या लोकांत घेऊन जातो, नातेवाइकाचे रूप घेतो, शीळ घालून बोलावतो. एका किनाऱ्यावरच्या गावात ट्लिंगिट समाजातल्या एका वयस्क बाईंनी आम्हाला थोडे सांगितले आणि मग थांबल्या, कारण आमच्याकडे कथा त्या त्या कुळाच्या मालकीच्या असतात आणि पुढची सांगण्याचा अधिकार मला नाही, असे त्या म्हणाल्या. प्रवाशांपैकी एकाने त्यांना कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, कुठे लावावा ते विचारले, तेव्हा त्या फक्त त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या पाण्यात पडलेला माणूस थंडीनेच थोड्या वेळात गारठून जातो आणि पुष्कळदा त्याचे शरीरही हाती लागत नाही. असे गेलेले आपले माणूस कुठे गेले, याचे उत्तर त्या कथेत आहे. आमच्याकडे भीमेच्या काठी, जुन्या विहिरींच्या कडेला शेंदूर लावलेल्या साती आसरा असतात. विहिरीवर एकट्या जाणाऱ्या पोराला ‘आसरा धरतील’ म्हणून दटावणारी आजी कुठल्याही प्राण्याचे वर्णन करत नसते. तिला दुर्बीण देऊन उपयोग नाही.

प्राणी दिसलेच नाहीत असे नाही. हंपबॅक देवमाशांनी पाण्याखाली बुडबुड्यांचे कडे सोडून हेरिंगचा थवा कोंडला आणि सगळे एकदम तोंडे उघडून त्यातून वर आले, तेव्हा बिगफूटचे कट्टर भक्तही कठड्याशी धावले आणि त्या संध्याकाळच्या व्याख्यानाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आधीच्या फेरीत लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये हरणे, एक साळिंदर आणि अस्वलाचे नाक आले होते.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक नोंदपत्र भरायला दिले. त्यात आवाज ऐकला का, वास आला का, दगड पडला का, कुणीतरी पाहत असल्याची जाणीव झाली का, असे रकाने होते. ‘काहीही आढळले नाही’ हा रकाना नव्हता. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसतो, तेव्हा वनखात्याच्या तक्त्यात वेळ, जागा, प्रजाती आणि संख्या लिहायची असते, आणि रात्रभर जागून माळढोकापुढे शून्य लिहायचे असते. १९७९ मध्ये ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, तो आता नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. ही घसरण किती झाली ते कळले ते वर्षानुवर्षे कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिलेल्या त्या लहान लहान आकड्यांमुळे. मी नोंदपत्राच्या समासात उतरण्याच्या जागा, तिथे घालवलेला वेळ आणि पुढे शून्य असे लिहून दिले. ते घेणाऱ्या मुलाने, काही राहून तर गेले नाही ना, असे दोनदा विचारले.

मुलीच्या आग्रहाने ज्यांना जायचेच असेल त्यांच्यासाठी थोडे: मे-जूनमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोलापूरच्या माणसाचा धीर सुटेल. ओढ्यांत सामन मासे आणि त्यांच्यामागे अस्वले पाहायची तर जुलै-ऑगस्ट बरा. स्वतःची दुर्बीण न्यावी. रात्री अंधारात पाहण्याचे यंत्र जहाजावर भाड्याने मिळते, ते जूनमध्ये घेऊ नये. रात्री दहापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही आणि मावळल्यावरही बराच वेळ संधिप्रकाश राहतो, त्यामुळे आमच्या शेजारच्या केबिनमधल्या गृहस्थांना ते वापरण्यासाठी गजर लावून उठावे लागत होते.