गेमबुकमधली विज्ञानकथा: फाटे, क्रमांक आणि ऑक्सिजन

गेमबुक म्हणजे वाचकाने स्वतः पर्याय निवडत, सांगितलेल्या क्रमांकाच्या परिच्छेदावर जात वाचायची गोष्ट. तिच्यात दर वळणावर दोन पर्याय द्यायचे आणि एकही वाट दुसरीला मिळू द्यायची नाही, असं ठरवलंत तर पाच निर्णयांत ६३ परिच्छेद आणि ३२ शेवट होतात. दहा निर्णयांत २,०४७ परिच्छेद! म्हणून दोन-तीन निर्णयांनंतर सगळे फाटे पुन्हा एका जागी, समजा एअरलॉकपाशी (तळातून बाहेर पडायच्या हवाबंद दुहेरी दारापाशी), आणावेच लागतात. मात्र तिथे पोचणाऱ्या प्रत्येकाकडे उरलेला ऑक्सिजन आणि सामान वेगळं हवं. नाहीतर आधीची निवड फुकट गेली, हे मुलं लगेच ओळखतात.

‘डावीकडे की उजवीकडे?’ ही निवड नव्हे, नाणेफेक आहे. विज्ञानकथेत तरी निर्णय विज्ञानावर उभा असावा. मंगळावरून पृथ्वीवर संदेश पोचायला ग्रहांमधल्या अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. गोष्टीतल्या दिवशी ११ लागतायत, हे आधीच्या एखाद्या परिच्छेदात सहज सांगून ठेवा. मग तळावर १५ मिनिटांचा ऑक्सिजन उरला की विचारा: पृथ्वीला विचारायचं, की गळती स्वतः शोधायची? उत्तर यायला २२ मिनिटं, हा हिशेब करणारीचा जीव वाचतो. असा प्रसंग मला दहा राक्षसांपेक्षा मोलाचा वाटतो.

बंद दार उघडायला कार्ड लागत असेल, तर ‘तुझ्याकडे कार्ड आहे का?’ असं विचारू नका. नसलं तरी ‘आहे’ म्हणून पुढे जाता येतं. कार्डावर ३७ हा आकडा द्या. बंद दाराच्या ८४व्या परिच्छेदात लिहा: ‘कार्डावरचा आकडा ८४ मध्ये मिळव आणि त्या परिच्छेदावर जा.’ कार्डवाला १२१ वर पोचतो. कार्ड नसलेल्यासाठी तिथेच दुसरी वाट ठेवा. पुढचं आधीच दिसू नये म्हणून परिच्छेदांचे क्रमांक उलटसुलट करताना ८४ आणि १२१ आधी पक्के करा, नाहीतर बेरीज भलतीकडेच नेते.

भाषेचीही एक अडचण आहे. ‘तू धावलास’ लिहिलं की वाचणारी मुलगी गोष्टीबाहेर पडते. ‘तू धावशील’ किंवा ‘तू कळ दाबलीस’ अशी वाक्यं दोघांनाही चालतात.

शेवटी तक्ता करा: क्रमांक, कुठून येतो, कुठे जातो. ‘कुठून’चा रकाना रिकामा असेल, तर त्या परिच्छेदापर्यंत कुणीच पोचणार नाही. १९८२च्या ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’ या गेमबुकमध्ये अल्टिमा ग्रहाकडे कुठलाच पर्याय नेत नाही, नियम मोडून पानं चाळणाऱ्यालाच तो सापडतो. पण तिथे ते मुद्दाम केलंय, आणि त्या पानावर वाचकाला तसं सांगितलंयही.