सावलीतली नोकरी
(माजी विद्यार्थिनी, दहावी मार्च 2004)

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. हातात छिन्नी होती आणि समोर जळालेली पाच एचपीची मोटर. लिहिते म्हणाले खरी, पण काय लिहायचं ते आठ दिवस सुचेना. शाळेनं मला पुष्कळ दिलं. गणित दिलं, मैत्रिणी दिल्या, माणसांत उभं राहून बोलायचं धाडस दिलं. पण शाळेची आठवण म्हटली की आधी डोळ्यांपुढे येते ती एक सकाळ, आणि ती मी आजवर कुठं बोलून दाखवलेली नाही.

2002 साल. 3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. परिपाठानंतर आठवीच्या मुलींना एकेक करून माईकवर बोलावलं होतं. "मी मोठेपणी कोण होणार" एवढं एका वाक्यात सांगायचं. फोटोला झेंडूचा हार होता, उदबत्तीचा धूर थेट माईकपर्यंत येत होता. माझ्या आधीच्या अकरा जणींपैकी नऊ जणी म्हणाल्या, मी शिक्षिका होणार. एक नर्स, एक कलेक्टर. माझी पाळी आली आणि मी म्हणाले, "मी मोटरी भरणार."

सगळी शाळा हसली. मुलं हसली, मुली हसल्या, गुरुजनही हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आज मला कळतं. तेव्हा मात्र कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. माईकजवळचे सर मायेनंच म्हणाले, "अगं, ते दादाचं काम. तू बाई हो, बाई." मी पुन्हा माईकपाशी जाऊन म्हणाले, "मी शिक्षिका होणार." टाळ्या पडल्या.

सांगोल्याकडच्या वाचकांना मोटर भरणं म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते, जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून बसवणं. आमच्याकडे वीज रात्री यायची, तीही कमी दाबानं. तीनातली एक फेज गेली तरी विहिरीवरची मोटर घरघरत राहायची आणि आतली तार जळून जायची. मग ती बैलगाडीतून, मोटारसायकलवर आडवी टाकून अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानात यायची. जळकी तार छिन्नीनं तोडायची, तापवून ओढून काढायची. एका कॉइलमध्ये किती टर्न, म्हणजे वेढे, होते ते मोजायचे, तारेचं गेज, म्हणजे जाडी, बघायची. खाचा, म्हणजे स्लॉट, घासून त्यात कागद बसवायचा. फॉर्म्यावर नव्या तांब्याच्या कॉइली गुंडाळायच्या, एकेक तार बोटांनी खाचेत उतरवायची, वरून बांबूची कामटी ठोकायची, दोऱ्यानं बांधायचं. शेवटी सिरीजच्या, म्हणजे मोटरीशी ओळीनं जोडलेल्या, बल्बावर तपासून वॉर्निश पाजायचं आणि उन्हात ठेवायचं. एक तार खरचटली, एक टर्न चुकला, तर मोटर आठ दिवसांत परत येते.

माझी बोटं बारीक होती आणि मोजण्यात मी चुकत नसे. पाचवीत असल्यापासून शाळा सुटली की मी दुकानात बसायची. जळक्या वॉर्निशचा वास दप्तराला यायचा, बाकावरची मैत्रीण तक्रार करायची. आतल्या बाजूला पोत्यावर बसून मी कॉइली उतरवायची. गिऱ्हाईक आलं की अण्णा म्हणायचे, "पोरानं भरलीय, बघा कशी बसलीय." पोरगा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो पुढे स्टुलावर बसून पाढे म्हणत असायचा, किंवा शेजारच्या लहान पोरांना गोष्ट सांगत असायचा. त्याला तारेचा कंटाळा होता. त्याला शिकवायला आवडायचं. गल्लीतली सात-आठ पोरं संध्याकाळी लिंबाखाली त्याच्यापुढे बसायची, आणि भागाकार त्यानं सांगितला की ढ पोरालाही कळायचा. मलाही अपूर्णांक कळले ते त्याच्याकडूनच.

घरातल्या प्रत्येकाला आम्हा दोघांचं हे दिसत होतं. तरी ठरलं ते उलटंच. दुकान पोराचं, मास्तरकी पोरीची.

आईवर मी कधी रागावू शकले नाही. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मे महिन्यात घरी आली की डोक्यावरचं फडकं ओलं करून तशीच भिंतीला टेकायची. ती म्हणायची, "पोरीच्या जातीला मास्तरकीच बरी. सावलीतली नोकरी हाय. अकराला जायचं, पाचला यायचं, डोक्यावर पंखा." हे वाक्य तिनं मला किती वेळा ऐकवलं असेल! तिच्यासाठी शिक्षिका म्हणजे खडू-फळा नव्हताच, ऊन नसलेली बाई म्हणजे शिक्षिका. तिनं आयुष्यभर जे सोसलं ते मला सोसायला लागू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यापुढे "मला तार आवडते" हे बोलायची माझी छाती झाली नाही.

आणि नुसती आई असती तर एक वेळ बोललेही असते. मामा, मावशी, भाऊबंद, शेजारपाजार, सगळे एकच बोलत होते. त्या वर्षांत डी.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेची, लाटच होती. बारावीला चांगले मार्क पडले की दोन वर्षांचं डी.एड. करायचं, शिक्षण सेवक म्हणून लागायचं, तीन वर्षं दरमहा 3,000 रुपये मानधन घ्यायचं आणि मग कायम. गावोगावी डी.एड. कॉलेजं निघत होती. बारावीला ऐंशीच्या पुढं टक्के पडलेली मुलं दुसरा विचारच करत नव्हती. सोयरीक जमवतानाही "मुलगी डी.एड. आहे" एवढं सांगितलं की पुढची बोलणी सोपी व्हायची, कारण मुलगी म्हणजे पुढं येणारा पगार. दहावीनंतर मी एकदाच अण्णांना विचारलं होतं, आयटीआयला वायरमनला जाऊ का. त्यांनी मान खाली घातली. "लोक म्हणतील पोरीला खांबावर चढवली," एवढंच बोलले.

कार्यानुभवाचा तास आठवतो. मुलांना होल्डर-स्विचची जोडणी, मुलींना रुमालावर टाके. मी खिडकीतून मुलांचा बोर्ड बघायची. एकदा त्यांचा दिवा लागेना. न्यूट्रलची तार सुटली होती, मला लांबूनच दिसत होती. मी बोलले नाही. वर्षभरापूर्वीचं हसणं कानात होतं.

बारावी 2006, डी.एड. 2008. पाठ टाचण, शैक्षणिक साहित्य, सराव पाठ सगळं मनापासून केलं. मला मुलं आवडतात. पण फळ्यापुढे उभं राहिलं की माझा आवाज मला परका वाटायचा, जणू कुणाची तरी साडी नेसून उभी आहे. 2009 साली लग्न झालं. सासरी डाळिंबाची बाग होती, तेल्या रोगानं ती बसली होती. साहजिकच सगळ्यांचं लक्ष माझ्या नोकरीकडे. 2010 ला शिक्षक भरतीची सीईटी परीक्षा झाली, थोडक्यात माझं नाव हुकलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी, म्हणजे शाळेतल्या मुलांची प्रत्यक्ष मोजणी, झाली, शिक्षक जास्त आणि मुलं कमी असल्याचं उघड झालं, आणि 2012 पासून भरतीच थांबली. मग 2013 च्या डिसेंबरात पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. लाखो जण बसले, फारच थोडे पास झाले. मी नापास झाले. एका खाजगी संस्थेत जागा निघाली होती. तिथं जागेसाठी मागितलेला आकडा ऐकून माझे मिस्टर काही न बोलता उठून बाहेर आले.

ज्यांनी ही वर्षं काढली त्यांना मी काय म्हणते ते कळेल. लग्नात, बारशाला, बाजारात एकच प्रश्न. "लागली का गं नोकरी?" सासूबाईंनी पाहुण्यांना ओळख करून द्यायची, "ही आमची सून, डी.एड. झालीय," आणि पुढे थांबायचं. त्या थांबण्याची मला इतकी धास्ती बसली की मी माहेरच्या जत्रेला जायचं सोडलं. माझ्या तुकडीतल्या एका मैत्रिणीनं सहा वर्षं "यंदा भरती निघणार" म्हणत काढली. आज ती कुणाशीच फारसं बोलत नाही. तिच्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. पण शाळेच्या या अंकात तिची नोंद असावी असं मला फार वाटतं. ती आमच्यात सगळ्यांत हुशार होती.

भाऊही सुखी नव्हता. दुकानात बसायचा पण जीव नव्हता. त्यानं भरलेल्या मोटरी परत यायच्या, गिऱ्हाईक बोलायचं, अण्णा बोलायचे. "वाघाच्या पोटी शेळी" हे त्यानं भर दुकानात ऐकलं आहे. बारावीनंतर त्याला कुणी डी.एड.चं विचारलंच नाही. दोघांची फी कशी भरायची, आणि दुकान कोण बघणार? शेवटी तो चाकणला कंपनीत गेला. आज तिथं लाईनवर नवीन आलेल्या पोरांना काम शिकवतो. फोनवर त्याबद्दल बोलताना त्याचा आवाज लिंबाखालच्यासारखा होतो.

2014 च्या उन्हाळ्यात अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. दुकानात अकरा मोटरी पडून होत्या आणि रानात डाळिंब सुकत होतं. मी भेटायला गेले होते. एक शेतकरी दारात उभा राहून रडवेला झाला होता. मी पदर खोचला आणि पोत्यावर बसले. दहा वर्षांनी तार हातात घेतली होती. पहिल्या कॉइलला हात थरथरले, दुसरीला नाही. रात्री दोनला सिरीज लावली, बल्ब जसा हवा तसा लागला. आई दारात उभी होती. काही बोलली नाही. आत जाऊन चहा करून आणला आणि टेबलफॅन उचलून माझ्या बाजूला फिरवून ठेवला.

त्यानंतर मी उठले नाही. मिस्टरांनी साथ दिली, सासूबाईंना वेळ लागला. पहिली दोन वर्षं गिऱ्हाइकं विचारायची, "भरणारा कुठाय?" आता विचारत नाहीत. अण्णा 2016 ला गेले. अजूनही भरती निघाली की कुणीतरी मला जाहिरात पाठवतं, आणि मला तेवढ्यापुरतं अपराधी वाटतं. ते पूर्ण जाईल असं मला वाटत नाही.

आज दुकानासमोरून शाळेतल्या मुली जातात. आता डी.एड.चं नाव निघत नाही. कुणी डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लासला, कुणी पोलीस भरतीच्या अकॅडमीला. पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरींत काही मनापासून पळतात, ते पावलांवरून कळतं. काही मान खाली घालून पळतात. बाईंना, सरांना माझी हात जोडून विनंती आहे. त्या दुसऱ्या पोरींना एकदा बाजूला घेऊन विचारा, घरी गेल्यावर काय करत बसतेस? काय करताना तुझं जेवायचं विसरतं? आणि उत्तर ऐकून हसू नका.

गेल्या एप्रिलमध्ये शाळेच्या टाकीवरची मोटर जळाली. शिपाईमामा घेऊन आले. मी उघडली, टर्न मोजले. जुन्या कामाशी ताळा करावा म्हणून माळ्यावरून अण्णांच्या वह्यांचा गठ्ठा काढला. अण्णा प्रत्येक मोटरची नोंद ठेवायचे. तारीख, गिऱ्हाईक, एचपी, स्लॉट, टर्न, गेज. हे सगळं ते मला सांगायचे आणि मी लिहायची. शेवटचा एकच रकाना ते स्वतः भरायचे, मोटर तपासून झाल्यावर, मी घरी गेल्यावर: कुणी भरली. तक्रार आली तर हात कुणाचा ते कळावं म्हणून. त्या रकान्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. भावाचंच नाव असणार, हे मी धरून चालले होते.

फेब्रुवारी 2002. माझ्या आठवीतल्या अक्षरात: "शाळा, 3 एचपी, 24 स्लॉट, 54 टर्न, 21 गेज." आणि शेवटच्या रकान्यात अण्णांच्या वाकड्या अक्षरात माझं पूर्ण नाव, हजेरीपटावर असायचं तसं. पान उलटलं. त्या पानावर चार वेळा. पुढच्या पानावर सहा वेळा.

शाळेची मोटर मी त्याच मापानं भरली. 54 टर्न, 21 गेज. वही नवीन आहे, शेवटचा रकाना आता मीच भरते.