एनएसएसचा कॅम्प, पोत्यांचा बंधारा आणि तोरणा

परवा मावसबहिणीचा फोन आला, यंदा एफवायला गेलीये, विचारत होती ताई एनएसएस घेऊ का, मार्क मिळतात म्हणे. तिला अर्धा तास सांगितलं तरी माझं समाधान होईना म्हणून इथे लिहितेय.

खरं सांगायचं तर मी पण मार्कांसाठीच नाव दिलं होतं. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार मुलं होती वगैरे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की वर्षाला १२० तास भरायचे, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचा एक कॅम्प करायचा. त्या कॅम्पवरून घरी मोठा विषय झाला. आई म्हणे सात रात्री शाळेच्या खोलीत झोपणार, एवढ्या थंडीत? बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणजे नाहीच. शेवटी आमच्या मॅडमनी घरी फोन केला तेव्हा कुठे संमतीपत्रावर सही झाली.

डिसेंबर होता, गाव तोरण्याच्या पायथ्याजवळ, वेल्ह्याच्या बाजूला. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन खोल्या मुलींना, दोन मुलांना. पहाटे साडेपाचला उठायचं, प्रभातफेरी, पोहे, मग दुपारपर्यंत श्रमदान, जेवण झालं की बौद्धिक, आणि रात्री कुणी गाणं म्हणतंय कुणी नाटक करतंय. आमच्या गटाला मिळालं ओढ्यावर वनराई बंधारा बांधायचं काम.

वनराई बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं, आणि पावसाळ्यानंतर ओढ्यात जे पाणी वाहत असतं त्याच्या आडवी ती पोती रचायची, बस. सोपं वाटलं मला. पहिल्या दिवशी आम्ही पोती ठासून भरली आणि दाखवायला म्हणून रचून ठेवली तर गावातले एक बाबा आले, बघितलं, आणि शांतपणे एक पोतं उसवायला लागले. म्हणाले, "गच्च भरू नगा पोरींनो, थोडं मोकळं ठेवा, म्हंजी खाली बसंल. आन सांध्यावर सांधा येऊ देऊ नगा." वीट रचतात तसं, खालच्या दोन पोत्यांच्या फटीवर वरच्या पोत्याचं पोट यायला हवं. दाभण धरून सुतळीने पोतं शिवायलाही त्यांनीच शिकवलं. दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या तळहाताला तीन फोड आलेले, हळद लावून फडकं बांधलं आणि परत रांगेत उभी राहिले, कारण रांगेत एक जण कमी झाला की पोतं पुढे जातच नाही, पुढचा माणूस हात पसरून उभा असतो.

चौथ्या दिवशी शेवटची फट बुजवली, वरच्या अंगाने माती लिंपली, आणि मग सगळे काठावर बसून नुसते बघत राहिलो. पाणी आधी पोत्यांमधून पाझरत होतं, मग कमी झालं, आणि हळूहळू मागे चढायला लागलं. संध्याकाळी मी त्यात उभी राहिले तर गुडघ्याला लागलं. मी आयुष्यात स्वतःच्या हाताने काही अडवलं किंवा बांधलं नव्हतं तोपर्यंत.

सहाव्या दिवशी तोरणा. १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. उरलेली पोती घड्या करून सॅकमध्ये घेतलेली, गडावरचा कचरा त्यात भरून आणायचा होता. बिनी दरवाज्याच्या आधी कातळाचा टप्पा आहे, रेलिंग आहे, तरी माझे पाय जाम झाले. मागे जी मुलगी होती तिच्याशी मी कॉलेजात दीड वर्षात चार वाक्यं बोलले नसेन, पण चार दिवस रांगेत माझ्या हातात पोती तीच देत होती. ती म्हणाली खाली बघू नकोस, उजवा पाय टाक, आता डावा. तशी चढले.

मेंगाई देवीच्या देवळाजवळ पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं इतकी की बघून वाईट वाटलं, आणि रागही आला. लोक एवढं चढून येतात आणि देवळाशेजारी हे टाकून जातात! नऊ पोती भरली आम्ही. मग कठड्यापाशी बसून भाकरी-पिठलं खाल्लं, समोर राजगड, आणि कुणीतरी ओरडलं, अरे तो बघा आपला ओढा. खाली झाडांच्या मध्ये पाण्याची एक बारीक पट्टी उन्हात चमकत होती.

तर बाळा, नाव दे. सुरुवातीलाच दे, नंतर जागा भरतात. आई नाही म्हणाली तर मला फोन लाव, मी मावशीशी बोलते.

मार्चमध्ये आम्ही तिघी एसटीने परत गेलो होतो गावात. बंधाऱ्याचा वरचा थर एका बाजूला खचला होता, गावातल्या त्या बाबांनी तिथे दगड लावून ठेवलेले. पाणी घोट्याच्या वर होतं अजून, आणि त्यात दोन म्हशी बसल्या होत्या.