एचओ रुळांमधली रीडर कॉइल: कामाची नोंद

माझ्या एचओ म्हणजे १:८७ प्रमाणाच्या मॉडेल रेल्वेत धावत्या डब्याचा आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी आपला नंबर सांगणारी छोटी चिप) वाचणारी कॉइल आता मनासारखी चालते आहे. १२५ किलोहर्ट्झचे ईएम४१०० टॅग डब्यांच्या पोटाला चिकटवलेत, कॉइल दोन रुळांच्या मध्ये बसवली आहे आणि मागे आरडीएम६३०० हे रीडर मॉड्यूल आहे. टॅग कॉइलपासून जेमतेम ८ मिमी वर असतो. तेव्हा पल्ला वाढवत बसण्यात अर्थ नाही, अडचण वेळेची आहे.

टॅग नंबरासाठी ६४ बिट पाठवतो, एका बिटाला १२५ किलोहर्ट्झ लहरीची ६४ आवर्तनं. म्हणजे पूर्ण नंबर यायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात. रीडरला सुरुवात सापडेपर्यंत एक फेरी वाया जाऊ शकते, म्हणून ६५ धरायचे. १:८७ मध्ये ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला ३२ सेंमी. तेवढ्यात डबा २१ मिमी पुढे गेलेला असतो! म्हणून मी रुळाच्या दिशेने लांबट कॉइल गुंडाळली, १२ मिमी रुंद आणि ४० मिमी लांब. गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी असल्याने रुंदीला याहून फार वाव नाही.

वेढ्यांचं गणित आधी कागदावर करून फारसं हाती लागत नाही. मॉड्यूलसोबत आलेल्या कॉइलचा इंडक्टन्स (कॉइल कोणत्या फ्रिक्वेन्सीला जुळेल हे ठरवणारा गुण) एलसीआर मीटरवर, म्हणजे तो मोजणाऱ्या उपकरणावर, मोजा आणि तोच नव्या कॉइलला आणा. क्षेत्रफळ लहान, म्हणून वेढे जास्त लागतात. शेजारच्या रुळांत एडी करंट (कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत उठणारे प्रवाह) फिरतात, इंडक्टन्स घटतो आणि रेझोनन्स, म्हणजे कॉइल जुळलेली असते ती फ्रिक्वेन्सी, १२५ किलोहर्ट्झच्या वर सरकतो. त्यामुळे वेढे थोडे जास्तच घ्यायचे, कॉइल रुळांत ठेवायची आणि तिथेच मोजत एकेक वेढा सोडायचा. टेबलावर जुळवलेली कॉइल रुळांत जुळलेली राहत नाही.

टॅग चपट्या चकतीचाच घ्या. काचेच्या कॅप्सूलसारख्या टॅगमधल्या कॉइलचा अक्ष लांबीच्या दिशेने असतो. ती आडवी चिकटवली की कॉइलच्या बरोबर मध्यावर, जिथे चुंबकीय क्षेत्र उभं असतं, तिला जवळजवळ काहीच मिळत नाही. वाचली गेलीच तर ती कॉइलच्या कडेवर वाचली जाते.

ईएम४१०० मध्ये टक्कर टाळायची सोय नाही, दोन टॅग एकदम क्षेत्रात आले की वाचन बिघडतं. जोडलेल्या दोन डब्यांच्या समोरासमोरच्या टोकांना टॅग लावू नका, मध्यावर लावा.

आता वळणावरची कॉइल. तिथे लांब डब्याचा मध्य आतल्या रुळाकडे झुकतो, त्यामुळे तिथल्या टॅगची जागा बहुधा बोगीखाली (डब्याच्या टोकाजवळच्या चाकांच्या सांगाड्याखाली) न्यावी लागेल.