वीस दिवसांचा ‘व’

वार्षिक पारितोषिक वितरणाला वीस दिवस उरले असताना प्रशस्तिपत्रांवर नावे घालण्याचे काम चित्रकलेच्या सरांनी माझ्याकडे सोपवले, तेव्हा नववीचा आमचा अख्खा वर्ग हसला होता, कारण माझे अक्षर म्हणजे शुद्ध कोंबडीचे पाय. माझीच निवड का झाली, हे मला अजून उमगलेले नाही. घर शाळेच्या भिंतीला लागून होते, एवढेच कारण असावे.

सरांनी बोरू स्वतः तासून दिला. देवनागरीच्या लेखणीचा तिरका छेद रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट बाजूला असतो, हे त्यांनी टोक माझ्या नखावर टेकवून दाखवले. मग त्या टोकाच्या रुंदीचे पाच ठोकळे एकावर एक काढून अक्षराची उंची ठरवली आणि फक्त ‘व’ गिरवायला सांगितला. मी बाराखडीची वही घेऊन तयारीने गेलो होतो, ती त्यांनी उघडूच दिली नाही. मधल्या सुट्टीत वीस मिनिटे आणि शाळा सुटल्यावर वीस मिनिटे, असे चार दिवस ‘व’शिवाय मी काहीही लिहिले नाही. पानभर अक्षरांतल्या एकाच अक्षराभोवती सर पेन्सिलीने गोल करीत आणि म्हणत, “अरे, गोलाई काना सोडून का पळतेय? उद्या एवढेच बघ.” इतर चुका त्यांना दिसत नसतील असे नाही, पण त्या दिवशी ते त्यांविषयी अवाक्षर काढीत नसत.

पाचव्या दिवशी ‘ब’ आणि ‘क’ आले, आणि ते जवळजवळ आयतेच हाती लागले, कारण गोलाई तीच होती. मग ‘प’ आणि त्याच्या जोडीने ‘ष’, त्यानंतर कान्याची ‘ग’, ‘म’, ‘न’ ही भावंडे. ‘ध’ आणि ‘भ’ यांनी मात्र छळले; डोक्यावरची रेघ कुठे तोडायची याचा विसर पडला की ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ व्हायला वेळ लागत नसे. उरलेली अक्षरे लवकर उरकली, आणि जी प्रशस्तिपत्रांवरच्या एकाही नावात नव्हती, ती सरांनी शिकवलीच नाहीत.

शेवटचे चार दिवस प्रत्यक्ष लेखनाचे होते. एकंदर 86 नावांपैकी तीन बिघडली. एका ‘विद्या’ची मी ‘विध्या’ केली, ही चूक अर्थात बोरूची नव्हती.

निबंधातले दुसरे बक्षीस मला स्वतःला होते. ते प्रशस्तिपत्र मी सर्वांत शेवटी लिहिले आणि हात थकल्यामुळे माझ्या आडनावातल्या ‘व’ची गोलाई बसकी झाली. समारंभात कागद हातात आला तेव्हा त्या ‘व’भोवती पेन्सिलीचा फिकट गोल होता. मी तो खोडलेला नाही.