आंबेनळीत तुटलेली वायर: पुणे–दापोली–पुणे, आणि शिफ्टर कोणता घ्यावा

सायकलच्या गिअरची वायर तुटली तेव्हा मला वाटलं चाकाखालून दगड उडाला. पोलादपूर सोडून बारा-तेरा किलोमीटर झाले होते, आंबेनळी घाट अंगावर येऊ लागला होता. मागची साखळी २८ दात्यांच्या चकतीवरून सरसर उतरत थेट ११ वर जाऊन बसली. पुढे ३४, मागे ११, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण साडेसहा मीटर पुढे जाणार. घाटात ताशी सातच्या वेगाने चढताना याचा हिशोब मिनिटाला जेमतेम अठरा फेरे असा होतो. मी पन्नासेक मीटर रेटलं, गुडघ्यात कळ आली तसा उतरलो.

सात दिवस, तिघे जण. वाट अशी: पुणे, खंबाटकी, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, तिथून खेड, दापोली, आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. ज्यांना सामानासकट रोज ऐंशी-शंभर किलोमीटर जमतात त्यांनी पुढे वाचावं. दापोली-हर्णैचे दिवस छान गेले, त्याबद्दल एवढंच.

तिघांकडे तीन प्रकारचे शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचे खटके, होते. माझ्याकडे यांत्रिक, ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये, मागे नऊ चकत्या, ११ ते ३२. मैत्रिणीकडे अकरा चकत्यांची इलेक्ट्रॉनिक सिस्टीम. आणि आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका त्यांच्या जुन्या स्टीलच्या सायकलवर. तिचे दोन्ही शिफ्टर फ्रेमच्या तिरक्या नळीवर, क्लिक नसलेले. खटका लागत नाही, साखळी नीट बसली की नाही ते कानाने ओळखायचं. सात दिवस या तिन्ही सायकली एकाच रस्त्यावर, एकाच धुळीत चालल्या. त्यामुळे आता दुकानातल्या गप्पांवर माझा विश्वास उरलेला नाही.

दुकानाचं आधी सांगतो, कारण राग तिथूनच आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी पुण्यातल्या एका दुकानात ‘फुल सर्व्हिस’ करून घेतली. बिल २,६०० रुपये. त्यात ‘गिअर इनर-आउटर, दोन्ही बाजू’ असं स्वच्छ लिहिलेलं. इनर म्हणजे आतली वायर, आउटर म्हणजे तिच्यावरची नळी. वर सल्लाही मिळाला, ‘सर, आता इलेक्ट्रॉनिक घ्या, वायरची कटकटच संपेल.’ वायर नवी आहे म्हणून मी जादा वायर बरोबर घेतली नाही.

घाटात कठड्यावर बसून तुटलेलं टोक बाहेर काढलं. बहुतेक तंतूंची टोकं तपकिरी, गंजलेली. ते कित्येक दिवसांपूर्वीच तुटले होते. फक्त चार-पाच टोकं चकचकीत होती, ती त्या सकाळची. मागे डिरेलरपाशी, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागापाशी, वायर जिथे बोल्टखाली दाबतात तिथे पाहिलं तर चपटी झालेली जागा एक नव्हे, दोन. आठवडाभरापूर्वी घातलेल्या, मी एकदाही न सोडलेल्या वायरवर दुसरी जागा येईल कुठून? जुनीच वायर सोडून पुन्हा आवळली होती. आउटरचा बाहेर दिसणारा तुकडा आणि हँडलवर गुंडाळलेली बारटेप तेवढे नवे. सर्व्हिसनंतर ही तपासणी प्रत्येकाने दुकानातच करावी, दोन मिनिटं लागतात.

चूक माझ्याही डोळ्यांसमोर होती. जाताना पोलादपूरला, मग खेडला, मग दापोलीत, असा तीनदा मी मागचा बॅरल अॅडजस्टर, म्हणजे वायरचा ताण वाढवायची चकरी, अर्धा-अर्धा फेरा फिरवला. गिअर किंचित घसरत होता, फिरवला की बसत होता. नवीन वायर सुरुवातीला थोडी सैलावते, म्हणून तेच चाललंय असं मी धरून चाललो. पण रोज फिरवावं लागत असेल तर वायर ताणली जात नसते, शिफ्टरच्या आत तिचा एकेक तंतू तुटत असतो. बारटेपखालून वायर नेणाऱ्या लिव्हरमध्ये ती डोक्यापाशी घट्ट वळते आणि तिथेच झिजते. असं दिसलं की पुढे जाऊ नका, लिव्हरवरचं रबरी आवरण, म्हणजे हूड, उलटा आणि आत बघा. आत तुटकं डोकं अडकलं असेल तर लहान लिव्हर दाबत शेवटच्या, सर्वांत जड गिअरपर्यंत जा. तेव्हाच ते डोकं भोकासमोर येतं आणि बाहेर निघतं. सुटे तंतू आत राहू देऊ नका, पुढची वायर तेच खातात.

वाट काढली काकांनी. ते वळणावरून खाली आले, सायकलकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “बाटलीचा स्क्रू सोड. वायर वरून ओढून घे आणि त्याखाली आवळ.”

वायर शिफ्टरपाशी तुटली की तिचा लांब भाग शाबूत असतो. तो आउटरमधून ओढून नळीवर मोकळा केला. मैत्रिणीने मागचं चाक उचलून पेडल फिरवलं. मी पक्कडीने वायर ओढत साखळी २८ च्या चकतीवर आणली आणि बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टखाली दोन वेढे देऊन आवळली. चाळीस मिनिटं गेली, तीन बोटं सोलली. पण पुढची दोन चक्रं चालू होती, म्हणजे मला दोन गिअर मिळाले. ३४-२८ वर, मध्ये एकदाही न उतरता महाबळेश्वर गाठलं! तो चढ संपला तेव्हा जो आनंद झाला तो दापोलीचा समुद्र पाहूनही झाला नव्हता. पसरणी उतरून वाईत आल्यावर वायर सैल करून साखळी १६ वर आणली आणि दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत तशीच चालवली.

पिंजऱ्याचा बोल्ट नसेल तर डिरेलर लहान चकतीकडे किती जाईल ते ठरवणारा ‘एच’ स्क्रू आत फिरवा. साखळी एक-दोन चकत्या आत येऊन थांबते. सपाटीला पुरतं, आंबेनळीला नाही. किती फेरे फिरवले ते मोजून ठेवा.

महाबळेश्वरात वायर विचारली. मिळाली ती ब्रेकची. ती जाड असते आणि टोकाची गुंडी शिफ्टरमध्ये बसत नाही. गिअरची वायर १.२ मिलिमीटरची. आणि हे नीट लक्षात ठेवा: आउटरही वेगवेगळी. ब्रेकच्या आउटरमध्ये स्प्रिंगसारखी वेढे घेतलेली पट्टी असते, गिअरच्या आउटरमध्ये उभ्या तारा. निकडीच्या वेळी कुणी गिअरची आउटर ब्रेकला लावून देत असेल तर घेऊ नका. जोराने ब्रेक दाबला की ती फाटते, आणि हा घाट उतरायचा आहे.

आता शिफ्टरबद्दल, मला जे वाटतं ते सरळ.

काकांचे शिफ्टर सात दिवसांत एकदाही बिघडले नाहीत. बिघडायला त्यांत काही नाहीच. तरी या रस्त्यावर ते घेऊ नका. गिअर बदलायला हात हँडलवरून उचलून गुडघ्यापाशी न्यावा लागतो. जाताना आंबेनळीच्या उतारावर, खड्ड्यांच्या पट्ट्यात काकांनी एक हात खाली नेला आणि त्याच क्षणी समोरून वळणावर एसटी आली. पुढचं चाक खडीत गेलं, सायकल गटाराकडे ओढली गेली. त्यांनी सावरलं, कारण ते चाळीस वर्षं तशीच चालवत आहेत. तुम्ही-आम्ही सावरणार नाही. साधेपणाच हवा असेल तर हँडलच्या टोकाला बसणारे बार-एंड शिफ्टर घ्या, हात निदान हँडलवर राहतो. हाताजवळच गिअर हवा म्हणूनच तर शिमानोने १९९० मध्ये आणि कॅम्पान्योलोने १९९२ मध्ये ब्रेकच्या लिव्हरमध्ये शिफ्टर आणला.

इलेक्ट्रॉनिकवर मी निघण्याआधी टीका करत होतो, ती मागे घेतो, पण अर्धीच. मैत्रिणीचे हात लहान आहेत. यांत्रिक शिमानोमध्ये हलका गिअर घ्यायला अख्खी ब्रेकची लिव्हर आत ढकलावी लागते. आधीच्या सायकलवर चौथ्या तासाला तिचं मनगट दुखायचं. या वेळी सात दिवस काहीच दुखलं नाही. बटणाला बोट लावायचं, बस. लहान हात, सांधेदुखी किंवा बोटांना जुनी इजा असेल त्यांनी पैसे जमवून इलेक्ट्रॉनिकच घ्यावं. त्यांच्यासाठी ती चैन नाही.

पण दापोलीत तिची सायकल भिंतीवरून पडली आणि सकाळी मागचा गिअर हलेना. अर्धा तास आम्ही बॅटरीलाच दोष देत बसलो. आपटल्यावर डिरेलर स्वतःला वाचवण्यासाठी मोटरपासून सुटतो, हे तिघांनाही माहीत नव्हतं आणि विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. तिच्या अकरा-स्पीडमध्ये (मागे अकरा चकत्या) जंक्शनवरचं, म्हणजे वायरी जोडणाऱ्या डबीवरचं, बटण लाल दिवा लागेपर्यंत, पाचेक सेकंद, दाबून धरायचं, मग पेडल फिरवत गिअर बदलायचे. घेताना हे करून दाखवायला लावा. तिची खास चार्जिंग वायरही विसरू नका, मोबाईलची चालत नाही. बॅटरी संपत आली की आधी पुढचा गिअर बंद पडतो, मग मागचा. पुढचा थांबला तर तो इशारा समजा. आणि मोटर किंवा तिची वायर गेली तर घाटात कुठलाच काका मदतीला येणार नाही.

स्रॅमचा यांत्रिक डबलटॅप मी मागे दोन महिने चालवला होता. एकच पाकळी: थोडी दाबली की जड गिअर, लांब दाबली की हलका. हाताला लगेच सवय होते. पण सर्वांत मोठ्या चकतीवर आहात हे विसरून आणखी हलका गिअर मागितलात तर तो उलट जड गिअर देतो. चढावर दम संपलेला असताना हे नेमकं होतं. मी तो पुन्हा घेणार नाही.

तेव्हा कोकणात उतरून घाट चढायचा असेल तर यांत्रिक, लिव्हरमध्येच शिफ्टर असलेली सिस्टीम घ्या. आठ किंवा नऊ स्पीड चालेल. त्याहून वरची श्रेणी घेण्याआधी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदला. ११-२८ घेऊन आंबेनळी चढणं म्हणजे गुडघ्यांचं नुकसान, ३२ किंवा ३४ दाते हवेतच. ३४-३४ वर पेडलच्या एका फेऱ्याला सायकल दोन मीटरच्या थोडी पुढे जाते, सामान लादलेलं असताना तेच तारतं. मोठी कॅसेट घेताना आपल्या डिरेलरला ती पेलते का ते बघा, आणि दुकानदाराच्या शब्दावर स्पीडची सरमिसळ करू नका. शिमानोच्या रोड सायकलींत आठ आणि नऊ स्पीडचे मागचे डिरेलर एकमेकांत चालतात. पण नऊच्या लिव्हरला अकराचा डिरेलर जमत नाही, एका क्लिकला वायर किती ओढली जाते ते माप वेगळं आहे.

परत आल्यावर बिल आणि तुटकी वायर दोन्ही त्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली. वायरचे पैसे परत मिळाले, मजुरीचे नाहीत. नवी वायर मी घरी स्वतः घातली. पहिल्यांदा दीड तास लागला.

बरोबर घ्या: गिअरच्या दोन वायरी, चार आणि पाच मिलिमीटरची अॅलन की, छोटी पक्कड, वायर कापायचं कटर. साधी पक्कड टोक चिरडते आणि मग ते आउटरमध्ये शिरत नाही. पावसाळ्यात आंबेनळीत दरडी येतात, तेव्हा हा रस्ता नकोच. दिवाळीनंतर जा. पोलादपूरहून सकाळी सहाच्या आत निघा, पाण्याच्या दोन्ही बाटल्या तिथेच भरा आणि निघण्याआधी मागचा गिअर एकदा सगळ्या चकत्यांवरून फिरवून बघा.